पुढचा ब्रेक मारला की ‘कट्’ वाजतं?

सायकलच्या दुकानात दिवसभर येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात: पंक्चर, उतरणारी चेन, न लागणारा ब्रेक, वाकडं फिरणारं चाक. हेडसेट ढिला झालाय म्हणून सायकल घेऊन येणारा माणूस विरळा. सपाट रस्त्यावर, बेताच्या वेगात, हेडसेट ढिला असलेली सायकल कसलीही कुरकुर न करता चालते, म्हणून कुणाच्या ते लक्षात येत नाही. पुढचा ब्रेक दाबला की हाताला एक बारीक ‘कट्’ जाणवतं, सोडला की पुन्हा एक. खड्ड्यातून गेलं की पुढून खडखड येते. मग आपण मडगार्डवर संशय घेतो, बास्केटवर घेतो, घंटीचा स्क्रू आवळून बघतो. एवढं करूनही आवाज राहिला तर त्याची सवय होऊन जाते. ही सवयच घातक आहे, कारण हा दोष नेमका ब्रेक मारताना जागा होतो.

हेडसेट म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा आणि फ्रेम यांच्यामधला सांधा. चिमट्याची नळी फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीतून वर जाते आणि तिच्यावर हँडल बसतं. उभ्या नळीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी एकेक बेअरिंग असतं. जुन्या सायकलींत वाट्या आणि छर्रे, नव्या महागड्या सायकलींत बहुधा सीलबंद बेअरिंग. या दोन्ही बेअरिंगांवर वरून थोडासा दाब राखावा लागतो. चिमटा पुढेमागे हलणार नाही, पण हँडल अगदी मोकळं फिरेल, एवढाच. दाब कमी पडला की हेडसेट ढिला होतो, जास्त झाला की जाम. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद आहे, आणि ‘घट्ट म्हणजे चांगलं’ हा आपला नेहमीचा हिशोब इथे चालत नाही.

या सांध्यावर किती जोर येतो याचा अंदाज सहसा नसतो. समजा तुम्ही पुढचा ब्रेक बऱ्यापैकी दाबला आणि रस्त्याने टायरला 30 किलो वजनाइतक्या जोराने मागे रेटलं. जमिनीपासून खालच्या बेअरिंगपर्यंतचं अंतर साधारण 70 सेंटीमीटर आणि दोन बेअरिंगांमधलं 12 ते 15 सेंटीमीटर. म्हणजे चिमटा ही लांब तरफ झाली. शाळेतल्या विज्ञानाचा तो हिशोब लावला तर बेअरिंगांवर येणारा आडवा जोर पाच-सहा पट निघतो, म्हणजे दीडशे ते पावणेदोनशे किलोच्या घरात. एका ब्रेकला एवढा. शहरात ऑफिसला जाताना सिग्नल, रिक्षा, मधेच आडवा येणारा कुत्रा धरून असे किती ब्रेक लागतात ते ज्याचं त्यानं मोजावं. सांधा नीट बसलेला असेल तर हा जोर बऱ्याच छर्ऱ्यांवर वाटला जातो. ढिला असेल तर दोन-चार छर्ऱ्यांवर येतो, आणि तोही शांतपणे न येता ठोका म्हणून येतो.

तरफेचा उलटा हिशोबही तितकाच महत्त्वाचा आहे. बेअरिंगपाशी अर्धा मिलिमीटर मोकळीक असली तर चाकाच्या तळाशी ती तीनेक मिलिमीटर होते. ब्रेक लागताना चाक तेवढं मागे सरकतं, सांध्याच्या टोकाला आपटतं, परत येतं, पुन्हा सरकतं. यातूनच ब्रेक मारताना हाताला जाणवणारी थरथर जन्मते. कोरड्या रस्त्यावर ती नुसती त्रासदायक वाटते. ओल्या रस्त्यावर किंवा बारीक खडीवर पुढचं चाक आधीच सुटायच्या बेतात असतं, तिथे हा धक्का ते सोडवायला पुरतो. मागचं चाक घसरलं तर माणूस बहुधा सावरतो. पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही.

आता घाबरवण्याच्या गोष्टी जरा बाजूला ठेवू. हेडसेट ढिला झाला म्हणजे चिमटा निखळून पडेल, चाक पुढे पळेल आणि आपण मागे राहू, असं काही लगेच होत नाही. चिमट्याला हँडल घट्ट धरून असतं, तोवर तो खाली गळू शकत नाही. एका दिवसात होणारा अपघात हा या दोषाचा खरा धोका नव्हेच. ब्रेकवरचा आणि वळणावरचा ताबा रोज थोडा कमी होत जातो, हा एक धोका. दुरुस्ती रोज थोडी महाग होत जाते, हा दुसरा.

दुसऱ्या धोक्याबद्दल अंमळ सविस्तर सांगायला हवं, कारण तिकडे कुणी बघत नाही. दाराच्या बिजागरीचा स्क्रू ढिला झाल्यावर तसंच दार वापरत राहिलं की लाकडातलं भोक मोठं होतं, आणि मग नवा स्क्रूही धरत नाही. हेडसेटचं तंतोतंत तसंच आहे. पहिले काही आठवडे फक्त आवळणं पुरतं. पुढे छर्रे वाटीला ठोके मारून खाच पाडतात, मग बेअरिंग आणि वाट्या बदलाव्या लागतात. त्यानंतर वाट्याच फ्रेमच्या नळीत हलू लागतात आणि नळीचं गोल तोंड अंडाकृती होतं. इथवर आलं की विषय फ्रेमचा झाला. काही शे रुपयांचं काम काही हजारांवर जातं, आणि साध्या सायकलच्या बाबतीत तर दुकानदार प्रामाणिकपणे सांगतो की नवीनच घ्या. आटेवाल्या जुन्या पद्धतीच्या हेडसेटमध्ये आणखी एक भानगड होते. लॉकनट सतत हलत राहिल्याने चिमट्याच्या नळीवरचे आटे झिजतात, आणि आटे गेले की चिमटा बदलण्यावाचून इलाज नाही.

कार्बनचा चिमटा असेल तर मात्र मी वर दिलेला दिलासा मागे घेतो. ढिल्या सांध्यात बेअरिंगच्या कडा आणि बेअरिंग व हँडल यांच्या मधल्या रिंगा कार्बनच्या नळीला घासतात, ओरखडे पाडतात. धातू वाकून इशारा देतो, कार्बन बहुतेक वेळा देत नाही. अशी सायकल काही काळ ढिली चालवली गेली असेल तर नुसतं आवळून थांबू नका. चिमटा पूर्ण बाहेर काढून नळी स्वच्छ पुसा आणि उजेडात बघा. नखाला लागेल अशी खाच असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय त्या सायकलवर बसू नये.

दोष आहे की नाही हे ओळखायला अवजार लागत नाही. सायकलशेजारी उभे राहा, पुढचा ब्रेक घट्ट दाबा आणि हँडलला धरून सायकल पुढेमागे ढकला. दुसऱ्या हाताची बोटं फ्रेमची उभी नळी आणि चिमटा जिथे भेटतात त्या फटीवर ठेवा, आधी खाली, मग वर. दोन भाग एकमेकांवर सरकताना बोटांना लगेच कळतं. दुसरी रीत आणखी सोपी: पुढचं चाक वीतभर उचलून जमिनीवर सोडा. ठोस आवाज आला तर ठीक. खडखडाट झाला तर शोध घ्या, फक्त आधी घंटी, लाइट आणि बाटली काढून ठेवा.

पण पुढून होणारी प्रत्येक हालचाल हेडसेटची नसते, आणि इथे चांगले चांगले फसतात. रिमब्रेकचे हात आपल्या पिनेवर थोडे हलतात. डिस्कब्रेकचे पॅड त्यांच्या घरात किंचित सरकतात. शॉकअप असलेल्या चिमट्यात आतले बुश झिजले की अगदी असंच ‘कट्’ येतं. म्हणून हँडल काटकोनात वळवा आणि ब्रेक दाबून पुन्हा तशीच ढकलून बघा. आता चाक आडवं असल्याने ब्रेकची आणि बुशची हालचाल बरीचशी गळून जाते, हेडसेटची मात्र तशीच राहते. चाकाचं बेअरिंग ढिलं आहे का हे बघायला ब्रेक सोडा आणि टायर धरून चाक डावीकडे-उजवीकडे हलवा. चाक चिमट्यात हलत असेल तर दोष हबचा किंवा न आवळलेल्या नटाचा. दांडीचे ब्रेक असलेल्या जुन्या काळ्या सायकलीत ब्रेक लावून केलेली परीक्षा फारशी उपयोगाची नाही, त्या ब्रेकची दांडी स्वतःच एवढी हलते. तिथे एका हाताने चिमटा आणि दुसऱ्याने फ्रेम धरून सरळ हलवून बघावं.

आणखी एक गोष्ट याच वेळी तपासा. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरा आणि हँडल वळवायचा प्रयत्न करा. चाक जागेवर राहून हँडल एकटंच फिरलं, तर तो हेडसेटचा नाही, हँडल धरणाऱ्या स्टेमचा ढिलेपणा आहे. त्याला ‘बघू रविवारी’ म्हणायचं नाही. वळण घ्यायला हँडल फिरवावं आणि चाकानं सरळच जावं, ही वेळ त्या एका ढिल्या बोल्टमुळे येते. लहान मुलांच्या सायकलींत हे फार दिसतं. मूल वाढलं म्हणून वडील हँडल वर उचलून देतात आणि नळीवर कोरलेली मर्यादेची रेघ बाहेर दिसू लागते. ती रेघ दिसता कामा नये. दिसत असेल तर आत धरायला पुरेशी नळी उरलेली नाही.

नव्या सायकलकडे तर जास्तच लक्ष हवं. कारखान्यातून आलेल्या वाट्या आणि बेअरिंगं पहिल्या काही आठवड्यांत आपापल्या जागी नीट दबून बसतात, आणि त्या बसल्या की वरचा दाब आपोआप कमी होतो. म्हणजे नवी सायकल महिन्याभरात ढिली होणं हा बिघाड नव्हे. मात्र तेव्हा ती एकदा आवळून घेतली नाही तर त्याचा बिघाड होतो. खोक्यातून घरी आलेल्या, इंटरनेटवर मागवलेल्या सायकली लोक व्हिडिओ बघून जोडतात. चिमटा उलटा बसवून, म्हणजे त्याचा बाक मागच्या बाजूला करून, आनंदाने फिरणारे स्वार प्रत्येक शहरात आहेत. तो वेगळा विषय, पण ज्याने चिमटा उलटा बसवला त्याने हेडसेट बरोबर आवळला असण्याची शक्यता कमीच. ग्रामीण भागात राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात. त्या सायकली रोज कच्च्या रस्त्यावरून, पाठीवर किंवा पुढे दप्तर घेऊन धावतात. सायकल हातात आली त्या दिवशी आणि मग महिन्याने, शाळेतल्या एखाद्या शिक्षकाने ही ब्रेक दाबून ढकलायची परीक्षा सगळ्या सायकलींवर घेतली तर एका तासात काम होतं.

आता दुरुस्ती. सायकल कोणत्या पद्धतीची आहे ते आधी ओळखा. हँडलच्या स्टेमच्या माथ्यावर एक गोल टोपी आणि मधोमध ॲलन कीचा बोल्ट, शिवाय स्टेमच्या मागच्या बाजूला एक किंवा दोन आडवे बोल्ट, अशी रचना असेल तर ती बिनआट्याची पद्धत. 1990 च्या दशकापासून ती पसरली आणि आज बहुतेक गिअरच्या सायकलींत तीच असते. फ्रेमच्या वरच्या तोंडाशी मोठा षट्कोनी नट आणि त्यातून वर आलेली बारीक नळी दिसत असेल तर ती आटेवाली.

बिनआट्याच्या पद्धतीत सगळ्यात मोठा गैरसमज माथ्यावरच्या बोल्टबद्दल आहे. लोकांना वाटतं तोच हँडल धरतो, म्हणून ढिलं वाटलं की तो करकचून आवळतात. त्याचं काम फक्त बेअरिंगांवर दाब देण्याचं आहे. तो दाब पुढे टिकवून धरतात ते बाजूचे बोल्ट. म्हणून ते बोल्ट आवळलेले असताना माथ्यावरचा पिळत बसलात तर काहीच होणार नाही, झालंच तर आतला ताऱ्याच्या आकाराचा नट वर खेचला जाईल. आधी बाजूचे बोल्ट ढिले करा. मग माथ्यावरचा बोल्ट पाव-पाव फेऱ्याने आवळा आणि दर वेळी ब्रेक दाबून हालचाल बघा. हालचाल गेली की थांबा. सायकल उचलून हँडल हलक्या धक्क्याने फिरवा, ते आपल्या वजनाने एका बाजूला सहज पडलं पाहिजे. मग हँडल चाकाशी काटकोनात जुळवून बाजूचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. किती, ते बहुतेक स्टेमवरच छापलेलं असतं. 5 न्यूटन मीटर हा आकडा नेहमी दिसतो. कार्बनच्या बाबतीत टॉर्क मोजणारा पाना हवाच, अंदाजाने आवळू नये.

कधी कधी माथ्यावरचा बोल्ट पूर्ण आवळूनही ढिलेपणा जात नाही. मग टोपी काढून आत बघा. चिमट्याच्या नळीचं टोक स्टेमच्या किंवा वरच्या रिंगेच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली असायला हवं. कुणीतरी मधली रिंग काढून टाकली असेल किंवा स्टेम बदलला असेल तर टोपी थेट नळीवर टेकते आणि बेअरिंगपर्यंत दाब पोहोचतच नाही. एक पातळ रिंग घातली की काम होतं.

आटेवाल्या हेडसेटला दोन पाने लागतात. वरचा लॉकनट ढिला करायचा, त्याच्या लगेच खालची वाटी हाताने किंवा पान्याने योग्य जागी आणायची, ती तिथेच धरून लॉकनट परत आवळायचा. लॉकनट आवळताना वाटी थोडी आणखी दाबली जाते, त्यामुळे पहिल्या खेपेला बहुधा जाम होतं. दोन-तीनदा करावं लागतं, त्यात कमीपणा नाही. या नटावर छिन्नी ठेवून हातोडा मारणारे कारागीर आजही भेटतात. नटाच्या कडा चेपलेल्या दिसल्या तर समजा की इथे छिन्नी चालली आहे. पुढच्या वेळी योग्य पाना असलेलं दुकान शोधा.

जास्त आवळलेला हेडसेट ढिल्याइतकाच वाईट. त्याने सायकल सरळ रेषेत राहत नाही, सतत थोडी थोडी झुलते, कारण तोल राखायला हँडल ज्या बारीक हालचाली आपोआप करतं त्या अडकतात. आणि हँडल सरळ असताना मधोमध खाचेत बसल्यासारखं वाटत असेल तर वाटीत खड्डे पडलेत. ते आवळून किंवा ग्रीस भरून जात नाहीत. जुने मिस्त्री छर्रे धरून ठेवणारी जाळी काढून तिच्या जागी सुटे छर्रे भरतात, म्हणजे सगळे छर्रे एकाच वेळी जुन्या खड्ड्यांत पडत नाहीत. ही युक्ती काही महिने काढायला चांगली आहे, कायमची नव्हे. नवीन बेअरिंग आणायला जाताना जुनं बरोबर न्या. वरकरणी सारखी दिसणारी बेअरिंगं कोनात आणि मापात वेगळी असतात, आणि सीलबंद बेअरिंगावर तो कोन, 36 किंवा 45 अंश, बहुधा लिहिलेला असतो. जाळीचे छर्रे बसवताना जाळी उलटी गेली तरी सायकल फिरते, पण ती खरखर करते आणि लवकर झिजते.

तोवर चालवायचं की नाही? नुसतं हलकं ‘कट्’ असेल, हँडल सगळीकडे मोकळं फिरत असेल, तर घरापर्यंत किंवा दुकानापर्यंत सपाट रस्त्याने हळू जायला हरकत नाही. पुढच्या बास्केटमधलं आणि हँडलला अडकवलेलं ओझं काढा, मागचा ब्रेक आधी वापरा. अचानक थांबावं लागलं तर पुढचा ब्रेकही वापरा, फक्त झटका न देता चढत्या दाबाने. थरथरीला भिऊन पुढचा ब्रेक न लावणं हे त्या थरथरीपेक्षा धोक्याचं. घाटात मात्र या सवलती नाहीत. सिंहगड असो, कसारा असो की पावसातला आंबोली, ढिला हेडसेट घेऊन उतारावर सुटू नका. चढताना तो कळत नाही, म्हणून वर पोचल्यावर, उतरायला लागण्याआधी, ब्रेक दाबून एकदा ढकलून बघा. ॲलन कीचा छोटा संच खिशात असला की तिथेच दुरुस्ती होते. खाली फट डोळ्याला दिसत असेल, छर्रा बाहेर पडला असेल, हँडल कुठेतरी अडकत असेल किंवा कार्बनचा चिमटा कुरकुरत असेल तर सायकल हातात धरून चाला.

वेगात अचानक हँडल डावी-उजवीकडे जोरात थरथरू लागण्याचा प्रकारही लोक हेडसेटच्या माथी मारतात. तो अगदी व्यवस्थित आवळलेल्या सायकलीतही होतो. फ्रेम, चाकं, वजनाची वाटणी, स्वाराचं आखडलेलं अंग, अशी बरीच कारणं त्यात मिसळलेली असतात. तरी असं झाल्यावर हेडसेट तपासून तो संशय आधी दूर करावा. त्या क्षणी करायचं ते एवढंच: हँडल आवळून धरू नका, वरची दांडी दोन्ही गुडघ्यांनी दाबा, सीटवरचा भार थोडा उचला आणि वेग हळूहळू कमी करा.

हेडसेटचा मुख्य शत्रू पाणी. खालचं बेअरिंग पुढच्या चाकाच्या बरोबर वर असतं, सगळा चिखल तिथेच उडतो, म्हणून आधी तेच खराब होतं. पुढचं मडगार्ड नसलेली सायकल पावसाळाभर चालवलीत तर दिवाळीच्या सुमारास हेडसेट उघडून, पुसून नवं ग्रीस भरून घ्या. कोकणच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे हे आणखी लवकर करावं लागतं. गाड्या धुणाऱ्यांच्या जोराच्या फवाऱ्याखाली सायकल धरू नका. तो फवारा सीलमधून पाणी आत घालतो आणि ग्रीस बाहेर काढतो. घरात ट्रेनरवर सायकल चालवणाऱ्यांनी हँडलवर टॉवेल टाकावा, कारण घामाचं मीठ वरच्या बेअरिंगला आणि स्टेमच्या बोल्टना खातं.

दुकानात नेताना ‘पुढून आवाज येतो’ एवढंच सांगू नका, नाहीतर मडगार्डचा नट आवळून सायकल परत मिळेल. ब्रेक दाबून ढकलल्यावर कुठे हलतं ते बोटाने दाखवा, आणि काम झाल्यावर त्याच जागी बोट ठेवून, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, पैसे देण्याआधी पुन्हा बघा.